एकोणीस इंची पडदा

“सर, जरा अलीकडे सरका. इथून बघा.”

विशाखानं असं म्हटलं आणि माझा नवरा खुर्चीसकट तिच्याकडे सरकला. इतका, की त्यांच्या शर्टाची बाही तिच्या ओढणीला टेकली. मी मागे प्लास्टिकच्या स्टुलावर पर्स मांडीत घेऊन बसले होते. चंडकशेठच्या दुकानात समोर टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडले होते, लहान, मधला, मोठा. तिन्हींवर एकच चित्र. पाण्यावर उतरलेले बगळे.

“आता कसं वाटतंय, सर?”

“ह्या मोठ्यात बरंय. ह्यात बगळा बगळ्यासारखा दिसतो.”

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिनं नुसती मान डोलावली, दोघांनी आधीच काहीतरी बोलून ठेवलेलं असावं आणि ते खरं निघावं, तशी. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

“एवढा मोठा डबा ठेवायचा कुठं?” मी मागून म्हटलं.

“बघू की,” ते म्हणाले. मागे वळून मात्र बघितलं नाही.

आम्ही सोलापूरचे. माझे यजमान रामलिंग दिवटे चादरींवरची नक्षी काढायचे. चादर मागावर चढण्याआधी तिची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते. कागदावरचं एकेक घर रंगानं भरायचं, त्या घरांप्रमाणे मागावर धागे वर-खाली होतात आणि मोर, कमळ, वेल जे असेल ते कापडात उमटतं. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. समोर मी ‘अहो’ म्हणायची, पण पाठीमागे मीसुद्धा मास्तरच. रेघ त्यांनी मारायची आणि घरं मी भरायची, हे लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून चाललं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. दुपारी दोघं एकाच कागदावर वाकून बसायचो, डोकी एकमेकांना लागायची. फार बोलायचो असं नाही. पण माझ्या मनात संसार म्हटलं की अजूनही तो कागदच येतो.

मग कॉम्प्युटर आले. कारखानदार म्हणू लागले, “मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही. पण एक पाकळी बदलायची तर तुम्ही आठवडा घेता. तिकडं ती पोरगी चहा संपायच्या आत बदलून देते.”

ती पोरगी म्हणजे विशाखा सोनवलकर. एका मोठ्या कारखान्याच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. वय अठ्ठावीस-तीस, पुण्याला शिकून आलेली, लग्न न केलेली, स्कूटीवरून फिरणारी. मास्तर तिच्या ऑफिसात शिकायला जाऊ लागले. गाव त्यांना मास्तर म्हणत असताना ही एकटी ‘सर’ म्हणायची. हा शब्दच मला खुपायचा. आमच्या घरात नसलेलं काहीतरी तिनं त्यांना दिल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला मी स्वतःला समजावलं. शिकायचं तर कुणाकडे तरी जावंच लागणार. पण मग एकेक गोष्ट दिसायला लागली. त्यांनी स्कूटर चालवणं सोडलं. विचारलं तर म्हणाले, पाठ दुखते. दिवाळी झाली आणि पाठोपाठ एका दुपारी मी मंगळवार पेठेतून भाजी घेऊन येत होते, तेव्हा समोरून विशाखाची स्कूटी गेली आणि मागच्या सीटवर मास्तर. डोळ्यांवर काळा गॉगल, एक हात तिच्या खांद्यावर. माझ्यापासून चार हातांवरून गेले. मला पाहून न पाहिल्यासारखं केलं, असंच मी धरून चालले.

घरी आल्यावर विचारलं, “आज कुठं होता?”

“ऑफिसात.”

“दिवसभर?”

“हां, दिवसभर.”

लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी खोटं बोलले. निदान मला कळलेलं ते पहिलं.

त्याहून वाईट म्हणजे त्यांनी माझ्या डोळ्यांत बघणं सोडलं. बोलताना माझ्या कानाशेजारी बघायचे, खांद्याच्या पलीकडे बघायचे. मी समोर जाऊन उभी राहिले तर मान जराशी वळवायचे. गड्ड्याच्या जत्रेत माझा सख्खा भाऊ त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला आणि हे तसेच पुढं निघाले. भाऊ म्हणाला, “दाजींचं लक्ष कुठंय गं आजकाल?” मी म्हटलं, कामाचा व्याप. मनात म्हटलं, मला माहीत आहे कुठंय ते. नवऱ्याची नजर फिरली की बायकोला कुणी येऊन सांगावं लागत नाही. मी झुरत होते आणि चौकटी भरत होते. त्या हिवाळ्यात माझ्या हातून लाल रंग फार गडद पडायचा.

कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी माझी भिशी पुढे केली. म्हटलं, यंत्र घरी आलं की माणूसही घरी येईल.

बगळ्यांच्या त्या दिवसानंतर दोन दिवसांनी विशाखा आमच्या घरी आली. टेबल कुठं ठेवायचं ते बघायला. खिडकीतून येणारा उजेड तिनं पाहिला, प्लग कुठं आहे ते पाहिलं, म्हणाली, “लाइट जाते तेव्हा काम पुसलं जाऊ नये म्हणून बॅटरीचा बॉक्स घ्यावाच लागेल, त्यात काटकसर नको.” मग माझ्याकडे वळली.

“वहिनी, जरा ह्या खुर्चीवर बसता?”

“मी कशाला?”

“बसा ना. उंची बघते.”

बसले. तिनं टेबलाची उंची माझ्या कोपरांशी जुळवून पाहिली. मग विचारलं, “तुम्हाला चष्मा आहे?”

“नाही.”

“बारीक बघताना डोळे दुखतात का? पाणी येतं?”

माझा तोल गेला. खुर्चीतून उठत मी म्हटलं, “माझे डोळे शाबूत आहेत, बाई. जे बघायचं ते सगळं दिसतं मला. लांबचंही आणि जवळचंही.”

मास्तर दारात उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, आता तरी.” ते म्हणाले, “नको. घेऊन झाल्यावर.” आणि ती चहा न घेता निघून गेली.

“काय घेऊन झाल्यावर?” मी विचारलं.

“काही नाही. कॉम्प्युटरचंच.”

त्या दिवसापासून मी चंग बांधला. घ्यायचा तर कॉम्प्युटर माझ्या मनासारखा घ्यायचा, तिच्या नाही. माझा मावसभाऊ बँकेत कॉम्प्युटरवर बसायचा. त्याला जाऊन भेटले, सगळं समजून घेतलं. तो म्हणाला, “ताई, दिसण्यावर जाऊ नका. नक्षी मोठी झाली की हलकं मशीन अडकून बसतं. पैसा आतल्या मशीनवर घाला, मेमरी जास्त घ्या. पडदा काय, लहान असला तरी काम होतं.” मी ते तोंडपाठ केलं. अभ्यास केल्यासारखं.

सोमवारी पुन्हा चंडकशेठच्या दुकानात गेलो. विशाखा आधीच येऊन बसली होती. चंडकशेठ गोड माणूस, पण धंद्याला पक्का. हाताचे दोन पंजे तराजूसारखे वर-खाली करत म्हणाला, “मास्तर, तुमच्या बजेटात दोन रस्ते आहेत. मशीन दमदार घेतलं तर पडदा पंधरा इंची. पडदा एकोणीस इंची घेतला तर मशीन मधलं. दोन्ही मोठं पाहिजे तर पुढल्या वर्षी या.”

“पडदा मोठा,” मास्तर आणि विशाखा एकदमच म्हणाले.

एकदम. एका तोंडानं. माझ्या कानशिलात आग उठली.

“मशीन दमदार द्या,” मी म्हटलं. “नक्षी मोठी झाली की मधलं मशीन अडकतं. पडदा पंधरा इंची पुरे.”

विशाखानं चमकून माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, तुमचं बरोबर आहे. दुसऱ्या कुणालाही मी हेच सांगितलं असतं.”

“मग ह्यांना का नाही सांगत? ह्यांना एवढा मोठा पडदा कशाला पाहिजे? सिनेमा बघायचाय?”

मास्तर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. चंडकशेठ उगाच वायर गुंडाळू लागला.

“शालन, ऐक,” मास्तर म्हणाले, तेही माझ्या खांद्याकडे बघत.

“माझ्याकडे बघून बोला!” मी ओरडलेच. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक मागे वळलं. “इतके दिवस गप्प बसले. आज सगळ्यांसमोर माझ्या तोंडाकडे बघा आणि काय ते सांगा.”

“सर, सांगा ना,” विशाखा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याचासुद्धा मला राग आला.

मास्तरांनी चेहरा सरळ माझ्याकडे केला. पहिल्यांदाच, कितीतरी महिन्यांनी.

“हे बघ, बघतोय तुझ्याकडे,” ते म्हणाले. “आता तू मला दिसत नाहीस.”

“म्हणजे?”

“मला मधलं दिसत नाही, शालन. कडेचं दिसतं. सरळ बघितलं तर तुझे कान दिसतात, पदर दिसतो, मागची भिंत दिसते. चेहऱ्याच्या जागी धुकं असतं. म्हणून जरा बाजूला बघतो. तुझ्या कानाशेजारी बघितलं की तू थोडीफार दिसतेस.”

मग एकेक करून त्यांनी सगळं सांगितलं.

डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चालला होता. औषध नव्हतं. आंधळे होणार नाहीत, चालता-फिरता येईल, पण रेघ दिसणार नाही, अक्षर दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्कूटीवर दिसले त्या दुपारी विशाखा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डोळ्यांत थेंब घातल्यावर उजेड सोसत नव्हता, म्हणून गॉगल. आणि मला त्यांनी न पाहिल्यासारखं केलं नव्हतं. पाहिलंच नव्हतं.

हे सगळं ते सांगत असताना माझं काळीज तुटायला हवं होतं. तुटलंही असेल. पण माझ्या तोंडून जे आलं ते वेगळंच होतं.

“हिला कधीपासून माहीत आहे?”

“दिवाळीच्या आधीपासून. तिच्या कॉम्प्युटरवर मी हिरव्याच्या जागी राखाडी भरत होतो. तिनं ओळखलं.”

“दिवाळीच्या आधीपासून. आणि मला आज. तेही मी ओरडले म्हणून.”

“तुला कसं सांगणार होतो?” त्यांचा आवाज फाटला. “तुझ्यापुढं मी मास्तर आहे. लग्न झाल्यापासून तू माझ्या रेघेवर रंग भरतेस. तुला कसं सांगू की रेघ दिसत नाही? हिच्यापुढं मी शिकाऊच होतो. शिकाऊ माणसाला ‘येत नाही, दिसत नाही’ म्हणायला लाज वाटत नाही.”

मला ते पटलं. पटलं म्हणून दुखायचं थांबलं नाही. त्यांचं प्रेम तिच्यावर असतं तर मी भांडले असते, माहेरी गेले असते, काहीतरी केलं असतं. पण त्यांची भीती तिच्याकडे होती. माणूस आपली भीती कुणाकडे ठेवतो यावरून भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

“वहिनी,” विशाखा म्हणाली, “सरांना पूर्ण नक्षी दिसते. मोठी केली, कडेनं बघितली, की कुठं जड झालीय, कुठं रिकामी राहिलीय, ते त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतं. रेघ मात्र दिसत नाही. पडदा मोठा तो त्यांच्यासाठी. आणि मशीन तुमच्यासाठी. रेघ तुम्हाला ओढायची आहे.”

टेबलाची उंची. चष्मा. डोळ्यांतलं पाणी. सगळं लख्ख झालं, आणि मी आणखीच भडकले.

“आणि मला कुणी विचारलं? माझ्या कोपराचं माप घेतलंत, मला विचारायचं कुणाला सुचलं नाही?”

दोघांनीही खाली पाहिलं. चंडकशेठनं चहा सांगितला.

मी विशाखाच्या खुर्चीजवळ गेले. इतके दिवस मी तिला अहो-जाहो करत होते. आता म्हटलं, “ऊठ.”

ती उठली. मी बसले. माऊसवर हात ठेवला तसा पडद्यावरचा बाण सुसाट वर गेला आणि कोपऱ्यात जाऊन अडकला. मी तो ओढून आणला, पुन्हा पळाला, पुन्हा आणला. बगळ्यांच्या चित्रावर बाण आणून मी तो एका पंखाच्या टोकावर नेऊन ठेवला.

“पडदा एकोणीस इंचीच द्या,” मी चंडकशेठला म्हटलं. “मशीन मधलं. पण मेमरी दुप्पट घाला. यादीतून छपाईचं यंत्र काढून टाका, नक्षी सीडीवर देऊ कारखान्यांना. बॅटरीचा बॉक्स ठेवा.”

“बरोबर बसतंय,” चंडकशेठ म्हणाला. “वहिनी, तुम्ही आधीच सांगितलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते.”

“आणि तू,” मी विशाखाला म्हटलं, “रविवार सोडून रोज संध्याकाळी आमच्या घरी यायचं. शिकवायला. हे तुझ्या ऑफिसात येणार नाहीत.”

ती हो म्हणाली. मास्तर हसले का, ते मी पाहिलं नाही.

ती आली. वर्षभर आली. शिकवायला फार चांगली होती, आणि हे कबूल करणं मला जड जायचं. माझ्या हातावर हात ठेवून वेल कशी वळवायची ते दाखवायची. मी चुकले की मास्तर खोलीच्या पलीकडून म्हणायचे, “विशाखा, तिला पुन्हा सांग.” त्या ‘तिला’वर माझा जीव जळायचा. ती गेली की मी मुद्दाम त्यांच्याशी तासभर बोलत बसायची, त्यांना काय दिसतं, काय नाही, एकेक विचारायची. मला त्यांची सगळी भीती परत हवी होती, तिच्याकडची सुद्धा. हळूहळू ती त्यांनी दिली. मग विशाखाला सुरतेला मोठी नोकरी लागली. स्टेशनवर मी तिला पोळी-चटणीचा डबा दिला. ती गळ्यात पडली तेव्हा मीही रडले. तरी गाडी हलल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरंच.

त्यानंतर माझा हात बसला. चांगलाच बसला. कारखानदार आधी मास्तरांना फोन करायचे, मग मला करू लागले. एकदा कोंडी गावचे एक कारखानदार शेठ घरी आले. पडद्यावर कमळांची चादर होती. म्हणाले, “वहिनी, ह्यात तर तुम्ही मास्तरांच्याही पुढं गेलात!” आणि खुशीत निघून गेले.

त्या दिवसापासून मास्तर पडद्याजवळ येईनात. मी बोलावलं तर म्हणायचे, “तुला येतंय की सगळं.” चहात साखर कमी झाली, आमटी खारट झाली, खिडकी उघडी का, खिडकी बंद का. चार-पाच दिवस मी ऐकून घेतलं. नंतर एका सकाळी ते बाहेरच्या खोलीत हाताची घडी घालून बसलेले पाहिले आणि मला तो चेहरा ओळखू आला. स्वतःचाच असल्यासारखा. मी त्यांच्यापुढं जाऊन बसले.

“अहो, एक विचारू? माझ्यावर जळताय का?”

मला वाटलं, उठून जातील. मला कुणी असं विचारलं असतं तर मी सात जन्म नाही म्हटलं असतं.

“हो,” ते म्हणाले. “जळतोय. तुझी कमळं माझ्यापेक्षा चांगली होतात. रात्रंदिवस तेच डोक्यात.”

दोघंही हसायला लागलो. आधी ते, मग मी, पोट दुखेपर्यंत. हसून झाल्यावर त्यांचा हात धरून मी त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि चादर पडदाभर मोठी केली. त्यांनी मान तिरकी केली. खूप वेळ बघत राहिले.

“काठ जड झालाय,” ते म्हणाले. “कमळांना श्वास घेता येत नाही. दोन घरं आत घे.”

मी घेतली. खरंच, चादर मोकळी झाली.

“आता?”

“आता बरी आहे.” मग म्हणाले, “तरी जळतोयच.”

“जळा की,” मी म्हटलं आणि चहा टाकायला उठले.